पिकाच्या फुलोऱ्यावरचा मध: पेटी शेतात नेण्यापासून तपासणी अहवालापर्यंत

सूर्यफूल, कारळं, धने किंवा मोहरीवर घेतलेला मध व्यापाऱ्याकडून परत येतो, तेव्हा मधपाळाने भेसळ केलेली असतेच असं नाही. बहुतेक वेळा कारण तिघांपैकी एक निघतं: मध कच्चा काढला, पावसाळ्यात पाजलेली साखर मधकोठ्यात (पेटीच्या मध साठवायच्या वरच्या भागात) चढली, किंवा साखरलेला मध चुलीवर पातळ केला. तिन्ही चुका काढणीच्या आसपासच्या आहेत आणि एकदा झाल्या की दुरुस्त होत नाहीत. पोळ्यात जो मध असतो त्याच्याहून चांगला मध बाटलीत कधीच उतरत नाही. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा.

## आधी हे आकडे भिंतीवर लावा

एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) मानकात मधासाठी बऱ्याच कसोट्या आहेत. पीकमधाच्या कामात सारख्या लागतात त्या एवढ्या:

- ओलावा: जास्तीत जास्त २० टक्के
- सुक्रोज: जास्तीत जास्त ५ टक्के
- फ्रुक्टोज-ग्लुकोज गुणोत्तर: ०.९५ ते १.५०
- एचएमएफ (हायड्रॉक्सीमिथाइलफर्फ्युरल): किलोला जास्तीत जास्त ८० मिलिग्रॅम
- डायस्टेज: किमान ३ शेड एकक
- प्रोलीन: किलोला किमान १८० मिलिग्रॅम
- सी४ साखर (ऊस, मक्यासारख्या वनस्पतींची): जास्तीत जास्त ७ टक्के
- पराग व वनस्पतिकण: ग्रॅमला किमान ५०००
- विद्युतवाहकता: जास्तीत जास्त ०.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर
- पाण्यात न विरघळणारा भाग: जास्तीत जास्त ०.१० टक्के

यातले प्रोलीन आणि डायस्टेज मुख्यतः माशीकडून येतात. प्रोलीन हे अमिनो आम्ल, डायस्टेज हे विकर. माशीने मकरंदावर जितकं जास्त काम केलं तितके हे दोन्ही वाढतात. एचएमएफ उलट: ताज्या मधात ते जवळपास नसतंच, उष्णता आणि काळ या दोघांमुळे फ्रुक्टोज तुटून तयार होतं. सुक्रोज हे न पिकलेल्या मकरंदाचं किंवा साखरेच्या पाकाचं लक्षण. कारवीच्या (सह्याद्रीतल्या रानझुडपाच्या) मधाला मानकात सुक्रोजची सवलत १० टक्क्यांपर्यंत आहे. शेतपिकाच्या मधाला ती मिळत नाही, त्यामुळे घाटावरच्या मधपाळाचा अनुभव सूर्यफुलाला लावू नका.

## टप्पा १: पीक आणि जागा ठरवणं

मेलिफेरा माशी (पेटीत पाळतात ती युरोपीय जात) मकरंदासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तीन किलोमीटरच्या वर्तुळात सुमारे २८ चौरस किलोमीटर, म्हणजे सात हजार एकरांच्या जवळपास रान येतं. त्यात तुमचं पाच एकर सूर्यफूल किती, याचा विचार पेट्या उतरवण्याआधी करा. ‘सूर्यफुलाचा मध’ असं लेबल लावायचं तर मधातल्या एकूण परागांपैकी किमान ४५ टक्के पराग त्याच पिकाचे लागतात. सलग पीक नसेल तर ‘बहुफुली मध’ म्हणून विका. त्यात काही कमीपणा नाही.

पिकागणिक काय अपेक्षा ठेवायची ते थोडक्यात:

मोहरी. ग्लुकोजचं प्रमाण जास्त, त्यामुळे फार लवकर साखरतो. पोळ्यातच साखरण्याचा धोका. महाराष्ट्रातले मधपाळ यासाठी हिवाळ्यात राजस्थान-हरियाणात पेट्या नेतात.

सूर्यफूल. पिवळाधमक, हाही लवकर साखरतो. संकरित वाणांमध्ये मकरंदाचं प्रमाण बरंच वेगवेगळं असतं. शेजारच्या दोन शेतांत एका ठिकाणी माश्यांची झुंबड आणि दुसरीकडे शुकशुकाट, असं दिसलं तर वाण विचारा.

कारळं. सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा. हवेत दमटपणा असतो, त्यामुळे सगळी लढाई ओलाव्याशी.

तूर. मकरंद आहे, पण ऐन फुलोऱ्यात शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होते. शेतकऱ्याशी आधी बोलणं झालं नसेल तर तुरीच्या नादी लागू नका.

संत्रा. आंबिया बहारातला मध सुगंधी, पण लिंबूवर्गीय मधात डायस्टेज मुळातच कमी असतं आणि परागही कमी उतरतात. थोडीशी उष्णता लागली तरी हा मध डायस्टेजमध्ये नापास होऊ शकतो. परागाच्या टक्केवारीवर संत्र्याचा दावा सिद्ध करणंही अवघड जातं.

कांदा बीजोत्पादन. परागीभवनाचं भाडं मिळतं, मधाची मोठी अपेक्षा नको. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माश्या दुसरं फूल मिळालं की तिकडे वळतात.

मका आणि ज्वारी फक्त पराग देतात, मकरंद नाही.

सावधान: तीन किलोमीटरच्या आत गुऱ्हाळ, साखर कारखाना किंवा रसवंती आहे का ते पाहा. फुलोरा मंद पडला की माश्या उसाच्या रसावर आणि काकवीवर तुटून पडतात. ऊस सी४ वनस्पती आहे. त्याची साखर पेटीत आली की सी४ चाचणीत ती भेसळ म्हणूनच दिसते. साखर तुम्ही घातली की माशीने आणली, हे यंत्राला कळत नाही. कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगाम आणि रब्बीचा फुलोरा नेमके एकाच वेळी येतात, तेव्हा जागा निवडताना ही पाहणी चुकवू नका.

## टप्पा २: पेटी मधासाठी रिकामी करणं

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. फुलोऱ्याच्या किमान दोन आठवडे आधी सुरू करा.

१. साखरेचा पाक पाजणं थांबवा. वसाहत अशक्त असेल तर ती मधाच्या कामात धरूच नका, फक्त वाढीसाठी ठेवा.

२. माइटसाठी (माश्यांवरच्या परजीवी किड्यांसाठी) लावलेल्या औषधी पट्ट्या काढा. ‘फुलोरा संपला की काढू’ असं म्हणून राहिलेली पट्टी मेणात आणि मधात उतरते. प्रतिजैविकं तर मधाच्या पेटीत कोणत्याही काळात नकोत; टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल निर्यातीच्या तपासणीत अत्यल्प प्रमाणातही सापडतात.

३. पिल्लांच्या कोठ्यात पाकाच्या साठ्याने भरलेल्या फ्रेम असतील तर दोन-तीन ठेवून बाकीच्या काढा आणि अशक्त वसाहतींना द्या. हा साठा तसाच राहिला की राणीला अंडी घालायला जागा लागताच माश्या तो उचलून वर मधकोठ्यात नेतात. पाक सहा महिन्यांपूर्वी पाजला होता, हे कारण इथे चालत नाही.

४. मधकोठ्यात घालायच्या फ्रेम तपासा. मागच्या हंगामातला साखरलेला मध पेशींच्या तळाशी राहिला असेल तर त्याचे कण नव्या मधाला बीज पुरवतात आणि आंबवणारं यीस्टही. अशा फ्रेम माश्यांकडून चाटून साफ करून घ्या किंवा मेण वितळवायला टाका. काळपट, पिल्लं वाढलेली जुनी पोळी मधकोठ्यात नकोत. मधाचा रंग गडद होतो.

तपासा: पाक पाजताना शेवटच्या आठवड्यात थोडा खाण्याचा रंग मिसळला असेल तर रंगीत पेशी कुठे आहेत ते उजेडात फ्रेम धरून दिसतं. अशी एकही फ्रेम मधकोठ्यात गेली नाही ना?

## टप्पा ३: पेट्या नेणं आणि मधकोठा चढवणं

शेतात साधारण दहा टक्के फुलं उमलली की पेट्या न्या. त्याआधी नेल्या तर माश्या बांधावरच्या तणावर जम बसवतात आणि पिकाकडे उशिरा वळतात. वाहतूक रात्री करा.

मेलिफेराच्या पेटीत पिल्लांच्या कोठ्यातल्या आठ ते दहा फ्रेम माश्यांनी भरलेल्या असाव्यात. चार फ्रेमची वसाहत मकरंद आणते, पण तो वाळवायला तिच्याकडे पुरेशा घरमाश्या नसतात. तिचा मध सील होतानाही ओला राहतो.

राणीजाळी (राणीला वर जाऊ न देणारी जाळी) घाला, त्यावर मधकोठा चढवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मधकोठा न वापरता एकाच कोठ्यातून, पिल्लांच्या फ्रेमवरचा मध फिरवून काढतात. वेळ वाचतो, पण त्या मधात अळ्यांचा रस येतो, परागाचे गोळे येतात, औषधांचे अंश येतात आणि ओलावा जास्त असतो, कारण पिल्लांशेजारचा मध माश्या रोजच्या वापरासाठी उघडाच ठेवतात. या लेखातला दुसरा एकही सल्ला पाळायचा नसेल तरी हा पाळा: पिल्लांच्या फ्रेम यंत्रात घालू नका.

मधकोठ्यातल्या फ्रेम तीन-चतुर्थांश भरल्या की दुसरा मधकोठा द्या. जागा कमी पडली की माश्या ओला मकरंद दाटीवाटीने भरतात. जागा असेल तर तो पातळ थरात पसरतात आणि लवकर वाळतो.

शेतकऱ्याबरोबर फवारणीचं बोलणं याच दिवशी पक्कं करा: फवारणी लागलीच तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी फोन.

## टप्पा ४: मध पिकला का, हे ओळखणं

मकरंदात साधारण अर्ध्याहून जास्त पाणी असतं. माशी ते उडवते आणि त्याच वेळी इन्व्हर्टेज विकराने सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. दोन्ही कामं एकत्र चालतात, म्हणूनच कच्च्या मधात पाणीही जास्त आणि सुक्रोजही जास्त. नंतर यंत्राने पाणी काढता येतं. सुक्रोज फोडायला आणि प्रोलीन घालायला माशी परत बोलावता येत नाही. ‘पाणी काय, प्लांटमध्ये उडवू’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचं गणित इथे चुकतं.

१. फ्रेमच्या दोन्ही बाजू पाहा. किमान ७५ ते ८० टक्के पेशींवर मेणाची झाकणं हवीत.

२. उघड्या पेशींसाठी झटका-चाचणी करा. फ्रेम आडवी धरा, पेशी जमिनीकडे, आणि एक जोरदार झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा. काहीच पडलं नाही तर उघड्या पेशीतला मधही जवळजवळ तयार आहे.

३. प्रत्येक पेटीतून दोन फ्रेमच्या उघड्या आणि बंद अशा दोन्ही भागांतला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (ओलावा मोजायच्या यंत्रावर) घ्या. १८.५ च्या आत असेल तर काढा. १९ ते २० मध्ये असेल आणि हवा कोरडी असेल तर तीन दिवस थांबा.

कारळ्याच्या हंगामात एक फसवणूक होते. हवा दमट असली की सीलबंद पेशीतला मधही २० च्या वर निघू शकतो. झाकण हा पिकल्याचा पुरावा रब्बीत चालतो. परतीच्या पावसात थेंब मोजल्याशिवाय फ्रेम काढू नका. सातेरीच्या (देशी पाळीव माशीच्या) मधाला हीच गोष्ट जास्तच लागू होते.

मोहरी आणि सूर्यफुलाची अडचण नेमकी उलटी. इथे सगळी पोळी सील होण्याची वाट पाहत बसलात तर आधी भरलेला मध पोळ्यात साखरतो आणि मग यंत्रात कितीही फिरवा, तो पेशीतून निघत नाही. उपाय असा: प्रत्येक फ्रेमच्या वरच्या पट्टीवर खडूने ती घातल्याची तारीख लिहा, दर चार-पाच दिवसांनी पाहणी करा, आणि जी फ्रेम ८० टक्के सील झाली तेवढीच काढून तिच्या जागी रिकामी घाला. एका खेपेत सगळी काढणी करण्याचा हट्ट या दोन पिकांत सोडावा लागतो.

तपासा: एक कच्ची फ्रेम काय करते? २४ टक्के ओलाव्याची दोन किलोची एकच फ्रेम १८ टक्क्यांच्या अठरा किलो मधात मिसळली तर सगळी वीस किलोची बादली १८.६ वर जाते. अशा चार फ्रेम दोन बादल्यांत विभागल्या तर दोन्ही १९ च्या पुढे गेल्या.

## टप्पा ५: काढणीचा दिवस

मध काढण्याची भांडी आदल्या दिवशी धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण वाळवा. यंत्राच्या तळाशी २०० मिलिलिटर पाणी राहिलं आणि त्यात वीस किलो मध काढला, तर ओलावा जवळपास ०.८ टक्क्याने वाढतो. रोजच घडणारी आणि कोणी न मोजणारी चूक आहे ही.

यंत्र आणि भांडी स्टेनलेस स्टीलची. मध आम्लधर्मी असतो, सामू बहुधा ४ च्या आसपास. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातलं जस्त आणि साध्या पत्र्यातलं लोखंड तो विरघळवतो. चवीला धातूची झाक येते आणि रंग काळवंडतो. रॉकेल, रंग किंवा कीटकनाशकाचे जुने डबे कितीही घासले तरी नकोत.

मग क्रम असा:

१. आदल्या संध्याकाळी मधकोठ्याखाली एकेरी वाट असलेली फळी घाला. सकाळपर्यंत माश्या खाली उतरतात आणि धूर जवळजवळ लागत नाही.

२. फळी नसेल तर धूर कमी आणि थंड ठेवा. स्मोकरमध्ये नारळाची सोडणं किंवा सुकी पानं जाळा. खताचं किंवा बियाण्याचं पोतं जाळू नका. उघड्या पेशींवर धूर थेट मारला की मधाला धुराचा वास बसतो आणि तो जात नाही.

३. फ्रेम सकाळी, माश्या नवा मकरंद आणायच्या आत काढा. दुपारी काढलेल्या फ्रेममध्ये त्या दिवशीचा कच्चा मकरंद उघड्या पेशींत असतो.

४. फ्रेम झाकलेल्या पेटीत ठेवून बंद खोलीत न्या. शेतात, झाडाखाली उघड्यावर काढणी केली की धूळ, मुंग्या आणि लुटारू माश्या तिन्ही येतात.

५. खोलीतली हवा कोरडी होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-अकरापर्यंत थांबून झाकणं कापायला घ्या. हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर उघडा मध हवेतून पाणी ओढू लागतो.

६. झाकणं कापायची सुरी गरम पाण्यात बुडवत असाल तर प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसा.

७. यंत्र सुरुवातीला सावकाश फिरवा. एक बाजू अर्धी रिकामी, मग फ्रेम उलटी, दुसरी बाजू पूर्ण, पुन्हा पहिली. पहिल्याच बाजूला पूर्ण वेगाने फिरवलं तर मागच्या बाजूच्या मधाच्या वजनाने नवं पोळं फुटतं आणि मेणाचा चुरा मधात येतो.

ओलावा १९ ते २१ च्या दरम्यान आहे आणि पेटीत थांबण्यासारखं हवामान नाही, अशा वेळी फ्रेम काढून बंद खोलीत आडव्या-उभ्या रचा, डिह्युमिडिफायर आणि पंखा लावा, तापमान ३० ते ३५ अंश ठेवा. पोळ्यात असताना मधाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे पाणी लवकर सुटतं. बादलीत ओतल्यावर हाच उपाय जवळजवळ निरुपयोगी होतो.

## टप्पा ६: गाळणं आणि निवळणं

दोन जाळ्या पुरतात: वरची एक-दोन मिलिमीटरची, खालची सुमारे अर्ध्या मिलिमीटरची. ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक जाऊ नका. पराग त्याहून लहान असल्याने ०.२ च्या जाळीतून जातात. त्याखाली गेलात तर परागसंख्या घटायला लागते आणि ‘कुठल्या फुलाचा मध’ याचा पुरावाच तुम्ही काढून टाकता. सुती फडक्याचे तंतू मधात सुटतात, म्हणून नायलॉन किंवा स्टीलची जाळी घ्या.

गाळलेला मध उंच, अरुंद टाकीत झाकून ठेवा. एक-दोन दिवसांत हवेचे बुडबुडे आणि मेणाचे कण वर येतात, ते काढून टाका, आणि मध खालच्या तोटीने भरा. मोहरी-सूर्यफुलाचा मध २४ तासांपेक्षा जास्त निवळत ठेवला तर टाकीतच साखरायला लागतो.

## टप्पा ७: ओलावा बरोबर मोजणं

साधनं स्वस्त झाली, मोजमाप चुकतच राहिलं. नेहमीच्या चुका चार:

पहिली, चुकीचं यंत्र. ० ते ३२ ब्रिक्सचं (ब्रिक्स म्हणजे द्रावणातल्या साखरेची टक्केवारी) रसाचं रिफ्रॅक्टोमीटर मधाला चालत नाही. ५८ ते ९० ब्रिक्स किंवा थेट १२ ते २७ टक्के पाणी दाखवणारं मधाचं यंत्र हवं.

दुसरी, पाण्याने शून्य लावणं. मधाच्या यंत्राच्या पट्टीवर पाण्याचं शून्य येतच नाही. सोबत आलेलं डायॉप्ट्रिक तेल किंवा काचेचा तुकडा वापरूनच ते जुळवा.

तिसरी, शंभरातून ब्रिक्स वजा करणं. ८० ब्रिक्स म्हणजे २० टक्के ओलावा नव्हे, तर साडेअठराच्या आसपास. मधातल्या घन पदार्थांचा प्रकाशावरचा परिणाम शुद्ध सुक्रोजपेक्षा वेगळा असतो. यंत्रावर पाण्याची वेगळी पट्टी असेल तर तीच वाचा.

चौथी, साखरलेल्या मधाचा थेंब. त्यातली पुसट रेघ काहीही सांगत नाही. थोडा मध घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून ५० अंशांच्या पाण्यात कण विरघळेपर्यंत ठेवा, खोलीच्या तापमानाला आणा, मगच मोजा. झाकण उघडं राहिलं तर पाणी उडून आकडा खोटा कमी येईल.

तपासा: ड्रममधला पातळ मध वर तरंगतो. वरून, मधून आणि तळातून असे तीन थेंब घ्या. वरचा आणि तळाचा आकडा अर्ध्या टक्क्याहून जास्त वेगळा आला तर ड्रम ढवळून पुन्हा मोजा.

१७ टक्क्यांच्या खाली मध सहसा आंबत नाही. १८ पर्यंत, यीस्ट कमी असेल तर निभावतो. २० हा कायद्याचा काठ आहे, सुरक्षिततेचा नव्हे. त्या काठावरचा मध महिन्याभरात फसफसू शकतो.

## टप्पा ८: साखरलेला मध हाताळणं

साखरणं म्हणजे ग्लुकोजचे स्फटिक होणं, भेसळीची खूण नाही. ग्लुकोजची टक्केवारी भागिले पाण्याची टक्केवारी हे गुणोत्तर १.७ च्या खाली असेल तर मध बराच काळ पातळ राहतो, २.१ च्या वर असेल तर झपाट्याने साखरतो. मोहरी आणि सूर्यफूल सहसा वरच्या टोकाला. सर्वांत वेगाने साखरण्याचं तापमान १४ अंशांच्या आसपास, म्हणजे डिसेंबरची रात्र. काडेपेटी, पाण्याचा ग्लास, अंगठ्यावरचा थेंब, कुत्रं चाटतं का, या घरगुती परीक्षांपैकी एकीनेही भेसळ कळत नाही. ग्राहकाला लेबलवर एवढंच लिहून द्या की हा मध थंडीत साखरतो.

स्फटिक होताना उरलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून काठावरच्या ओलाव्याचा मध साखरल्यावरच आंबतो, वर फेस येतो, आंबट वास सुटतो.

आता वितळवण्याचं गणित. किलोला ३० मिलिग्रॅम एचएमएफ तयार व्हायला ३० अंशांवर १०० ते ३०० दिवस लागतात, ४० वर २० ते ५० दिवस, ५० वर साडेचार ते नऊ दिवस, ६० वर एक ते अडीच दिवस आणि ७० वर ५ ते १४ तास. डायस्टेज निम्मं व्हायला ४० अंशांवर महिना, ६० वर एक दिवस, ८० वर सव्वा तास.

म्हणजे बादली पाण्याच्या टाकीत ठेवा, पाणी ४० ते ४५ अंशांवर धरा, आणि एक-दोन दिवस लागू द्या. अधूनमधून ढवळा. थेट आच देऊ नका: मध उष्णतेचा मंदवाहक असल्याने तळाचा थर ८० वर गेला तरी वरचा तसाच घट्ट दिसतो, आणि माणूस आच आणखी वाढवतो. वितळल्याबरोबर बाहेर काढा. एकाच बादलीला वर्षात तीनदा वितळवलं तर तिन्ही वेळांचं एचएमएफ साठत जातं, म्हणून मोठा साठा मुळातच पाच-दहा किलोच्या डब्यांत भरा.

मोहरीच्या मधाला वितळवण्यापेक्षा मलईदार करून विकणं सोयीचं. गुळगुळीत, बारीक स्फटिकांचा मध पाच ते दहा टक्के घ्या, तो २५ अंशांच्या आसपासच्या पातळ मधात बुडबुडे न येऊ देता मिसळा, बरण्या भरून १४ अंशांवर आठ-दहा दिवस ठेवा. बीजाचा मध खरखरीत असेल तर सगळी बॅच खरखरीत होते. ओलावा १८ च्या आतच हवा.

## टप्पा ९: साठवण

विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचे दोन महिने मधाला सरासरी ४० अंश मिळाले तर डायस्टेज चौथाईवर येतं आणि एचएमएफ मर्यादेच्या निम्म्यावर सहज पोचतं. चुलीजवळ न जाता मध भाजला जातो तो असा. रब्बीचा मध मार्चअखेर जाड भिंतीच्या, सावलीच्या खोलीत हलवा किंवा विकून टाका. डबे अन्नयोग्य प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे, तोंडापर्यंत भरलेले, घट्ट झाकणाचे.

प्रत्येक डब्यावर लॉट क्रमांक, गाव, पीक, काढणीची तारीख, ओलावा. दोन पिकांचा मध ‘सरासरी बरी यावी’ म्हणून मिसळू नका. कच्च्या लॉटमधलं यीस्ट चांगल्या लॉटलाही मिळतं.

## टप्पा १०: नमुना पाठवणं आणि अहवाल वाचणं

लॉट ढवळून, तिन्ही थरांतून मिळून अर्धा किलो नमुना कोरड्या काचेच्या बरणीत घ्या. त्याच वेळी तसाच दुसरा नमुना सील करून थंड, अंधाऱ्या जागी स्वतःकडे ठेवा. तपासणीसाठी पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा धरा. सगळ्या चाचण्या एकदम महाग पडतात. आधी ओलावा, एचएमएफ, डायस्टेज आणि सुक्रोज करून घ्या. हे पास झाले तरच सी४, पराग आणि औषधांचे अंश.

अहवालातला एकेक आकडा सुटा वाचला की चुकीचा निष्कर्ष निघतो. जोड्या पाहा:

ओलावा जास्त, सुक्रोज जास्त, प्रोलीन कमी. मध कच्चा काढला. टप्पा ४ मध्ये घाई झाली. यंत्राने पाणी उडवलं तरी उरलेले दोन आकडे नापासच राहतील.

ओलावा ठीक, सुक्रोज जास्त, सी४ जास्त. पाक किंवा ऊस. पाक पाजल्याची तारीख, पिल्लांच्या कोठ्यातला साठा आणि आसपासची गुऱ्हाळं तपासा.

एचएमएफ जास्त, डायस्टेज कमी. उष्णता. वितळवताना की साठवताना, हे स्वतःकडच्या नमुन्यावरून कळतं: तोही खराब निघाला तर चूक नमुना घेण्याआधीची.

एचएमएफ अगदी कमी आणि डायस्टेजही कमी. उष्णतेला दोष देऊ नका. संत्र्याचा मध असेल तर हे स्वाभाविक. नसेल तर माश्यांनी कमी काम केलेला, घाईत काढलेला मध.

एचएमएफ ठीक, आम्लता जास्त, वास आंबूस. आंबायला सुरुवात झाली. या मधावर उष्णतेचा प्रयोग केला तर यीस्ट मरतं, पण चव परत येत नाही.

न विरघळणारा भाग जास्त. मेण, माशीचे तुकडे, धूळ. गाळणी फाटलीय का ते पाहा. हा एकमेव दोष पुन्हा गाळून जातो.

पराग ५००० च्या खाली, बाकी सगळं ठीक. जाळी जास्त बारीक, किंवा खरेदीदाराच्या प्लांटमध्ये दाबाखालची गाळणी. तुमच्याकडच्या सीलबंद नमुन्यातले पराग मोजून घ्या. ते पुरेसे निघाले तर पराग तुमच्या शेडमध्ये गेलेले नाहीत, हे दाखवायला तो अहवाल हाताशी असतो.